डोक्याशी कोण बसणार? प्राण्यांची भूल आणि वेदनाशमन या विषयात पुढचं शिक्षण

ऐरोलीची चिमणी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पशुवैद्य. पदवी परळच्या व्हेटरनरी कॉलेजची, इंटर्नशिप संपून दीड वर्ष झालं. राहायला ऐरोली, नोकरी घोडबंदर रोडवरच्या एका दवाखान्यात. पुढे शिकायचं हे ठरलंय आणि काय शिकायचं तेही ठरलंय: भूल आणि वेदनाशमन. हे ज्याला सांगावं तो म्हणतो, "म्हणजे सर्जरी ना?" आई म्हणाली, "इंजेक्शन द्यायला अजून दोन वर्षं कशाला शिकायचं?" आईचं सोडा, पण हाच प्रश्न एका सीनियर डॉक्टरांनी विचारला तेव्हा वाटलं, चार लोकांशी बोलायलाच हवं.

कारण सांगते. पदवीनंतर पहिले काही महिने मी दुसऱ्याच एका छोट्या दवाखान्यात होते. कुठला ते विचारू नका. तिथे दीड वर्षाची एक मांजर नसबंदीला आली. धट्टीकट्टी, रक्ताचे रिपोर्ट चांगले. ज्यांनी गुंगीचं इंजेक्शन दिलं त्यांनीच हातमोजे चढवून पोट उघडलं. वीस-बावीस मिनिटांत टाके घालून मोकळे, आणि टाके असे सुबक की फोटो काढून ठेवावेत. मांजर पिंजऱ्यात स्टीलच्या ट्रेवर ठेवली आणि मला पुढच्या कुत्र्याचा पाय धरायला बोलावलं, नस सापडत नव्हती. मी गेले. परत आले तर मांजर त्याच कुशीवर. हिरड्या राखेच्या रंगाच्या, पंजा गार. ट्यूब घातली, छाती दाबली, जे करायचं ते सगळं केलं. बाहेर मालकीणबाई टॉवेल अंथरलेली टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्यांना सांगितलं गेलं, "भूल सोसली नाही."

हे वाक्य त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी ऐकलं. सोसली नाही, म्हणजे दोष मांजरीचा. पण तिला भूल सोसली होती हो. तिला एकटं राहणं सोसलं नाही. आणि तिथून उठून जाणारी मीच होते, हे कुणी म्हटलं नाही तरी मला माहीत आहे.

मग वाचत सुटले. २००८ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आहे, सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं. भुलेशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९. मला मात्र दुसऱ्याच आकड्याने झोपू दिलं नाही. दगावलेल्या मांजरांपैकी ६१ टक्के ऑपरेशन संपल्यानंतर गेली, आणि त्यातली बहुतेक पहिल्या तीन तासांत. आपण 'झालं एकदाचं' म्हणून चहाला जातो, नेमकी तीच वेळ.

तर प्रश्न असे. एम.व्ही.एस्सी. (आमची पदव्युत्तर पदवी) सर्जरीतून करून प्रबंध भुलेवर घ्यावा, की पैसे साठवून बाहेर जावं? आणि बाहेर न जाता नुसती भूल देऊन ठाणे-नवी मुंबईत पोट भरतं का?

परळ स्लो

ताई, मी परळलाच आहे, एम.व्ही.एस्सी. दुसरं वर्ष, कळव्याहून रोज. नावावरून कळलंच असेल.

भूलशास्त्राचा वेगळा विभाग शोधत बसू नका. आपल्याकडे पदवी मिळते ती व्हेटरनरी सर्जरी अँड रेडिओलॉजीची, चार सेमिस्टरची. त्यात भूल आणि वेदनाशमन हा एक पेपर, त्याचं प्रॅक्टिकल. बाकी सर्जरीची तत्त्वं, एक्स-रे, सोनोग्राफी, हाडं, डोळे हे सगळं करावंच लागतं. सर्जरीचा कंटाळा असेल तर दोन वर्षं जड जातील.

तुम्हाला हवं ते सगळं प्रबंधात आहे. भुलेवरचे प्रबंध सर्जरी विभागांत पिढ्यानपिढ्या होत आलेत, गाईडने हो म्हटलं की झालं. माझाच विषय बघा: कुत्र्यांना ऑपरेशनभर डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध थेंबाथेंबाने चालू ठेवलं तर आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलेचा गॅस, किती कमी लागतो. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, सगळं कागदावर. पहिल्या केसला मी मॉनिटर बघत होतो. दहाव्या केसला कुत्रा बघायला लागलो. जबडा किती सैल आहे, डोळ्याचं बुबुळ खाली नाकाकडे वळलंय की परत मध्ये यायला लागलंय, हे मशीन सांगत नाही.

केसेसची ददात नाही. १८८६ सालचं कॉलेज, शेजारी बाई साखरबाई हॉस्पिटल, दारात कायम रांग. राज्याबाहेरही जायची तयारी असेल तर आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) परीक्षेतून इज्जतनगर, लुधियाना, चेन्नई उघडतात. (अवांतर: इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली होती. पुणेकर हे सांगत कसे नाहीत याचं आश्चर्य वाटतं.)

एकच सल्ला. फॉर्म भरायच्या आधी गाईडला भेटा आणि विचारा, भुलेवर विषय द्याल का. नाहीतर दोन वर्षं हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू.

दमलेला वाशीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंधरा वर्षं दवाखाना चालवतोय.

नसबंदीसाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "किती घेता?" दुसरा प्रश्न नसतो. पलीकडच्या सेक्टरमध्ये पाचशे रुपये कमी आहेत हे ऐकलं की फोन बंद. त्यात मी भूलतज्ज्ञाची वेगळी फी कुठे लावू? आयसोफ्लुरेनचं मशीन घेतलं त्या वर्षी घरात गाडी यायची होती, ती अजून आलेली नाही. मॉनिटरही आहे. तो ट्यँव ट्यँव करतो तेव्हा माझे दोन्ही हात कुत्र्याच्या पोटात असतात आणि मदतनीस पोरगा आवाज बंद करतो, कारण मीच ओरडलेलो असतो.

तुमची मांजर वाचून बरं वाटलं नाही. माझ्याकडेही अशी एक आहे. पण भावनेवर दोन वर्षं घालवायच्या आधी हिशोब मांडा.

पगची आई

मी डॉक्टर नाही, खारघरला राहते. दुसरा प्रश्न असतो हो वाशीकर, आम्हाला तो कुणी शिकवलाच नाही. काय विचारायचं ते सांगा, आम्ही विचारू. पुढच्या महिन्यात आमच्या गोट्याचे दात साफ करायचेत आणि मला आत्तापासून झोप नाही.

मनमौजी ठाणेकर

वाचतोय. वाचनखूण साठवली.

ऐरोलीची चिमणी

@पगची आई, हे विचारा. भूल देताना हातापायाला सुई लावून ठेवणार का? श्वासनलिकेत ट्यूब घालणार का, की नुसतं इंजेक्शन? ऑपरेशन चालू असताना माझ्या कुत्र्याकडे बघणारा, हातात चाकू नसलेला माणूस कोण? आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण?

पगच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची टाळू लांब, नाकपुड्या चिंचोळ्या आणि श्वासनलिका अंगाच्या मानाने बारीक. ट्यूब असते तोवर ते आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेत असतात. म्हणून त्यांची ट्यूब घाईने काढायची नाही. इतर कुत्र्यांची गिळायला लागली की काढतात. पगला डोकं उचलू दे, ट्यूब चावायला लागू दे, छातीवर नीट बसू दे, मग. काही पग तर ट्यूब तोंडात ठेवून इकडेतिकडे बघत बसतात. बघायला मजा वाटते. दाताच्या केसला तर ट्यूब हवीच, नाहीतर स्केलिंगचं पाणी फुफ्फुसात.

@वाशीकर, मॉनिटरचा आवाज बंद करणारा पोरगा वाचून हसू आलं आणि लगेच गेलं.

कोपरीचे भूलवाले

मी माणसांचा भूलतज्ज्ञ, एकतीस वर्षं झाली. मुलीने हा धागा पाठवला.

डॉक्टर, तुमच्या आईंचा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी विचारला होता. "नुसती भूल? ऑपरेशन दुसराच करतो?" आमच्या पेशंटला सर्जनचं नाव नातवंडांपर्यंत पाठ असतं. भूल कुणी दिली विचाराल तर "होते कुणीतरी मास्क लावलेले". १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पण त्यानंतर कित्येक दशकं ईथर थेंबथेंब टाकायला जो रिकामा असेल तो बसायचा. वेगळं शास्त्र म्हणून आम्हाला मान मिळायला फार वेळ लागला. तुमचा विषय तिथेच उभा आहे.

तुमचं वाचन चालूच असेल, तरी गंमत म्हणून सांगतो. भुलेआधी पेशंटच्या तब्येतीला १ ते ५ श्रेणी जशी आम्ही लावतो तशीच तुम्ही लावता, हे मला परवा कळलं. आयसोफ्लुरेनचं प्रमाण माणसाला साधारण १.२ टक्के, कुत्र्याला १.३, मांजराला १.६ च्या आसपास. एवढी जवळची भावकी असून आपण एकमेकांच्या थिएटरात डोकावत नाही.

पैशाचं. ठाण्यात आमच्यातले निम्मे लोक कुठल्याच हॉस्पिटलात नोकरीला नाहीत. बॅग भरून फिरतात. सकाळी नौपाड्यात सिझेरियन, अकराला वर्तकनगरला हर्निया, संध्याकाळी कळव्याला फ्रॅक्चर. प्रत्येक सर्जनला कायमचा भूलतज्ज्ञ परवडत नाही, पण केसपुरता परवडतो. वाशीकर डॉक्टर, तुमच्या गणितात हा रकाना दिसला नाही.

दमलेला वाशीकर

भूलवाले सर, माणसांच्या केसला मेडिक्लेम असतो.

कोपरीचे भूलवाले

आम्ही सुरुवात केली तेव्हा तोही फारसा कुणाकडे नव्हता.

मुरबाडचे आजोबा

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. नोकरी बहुतेक शहापूर-मुरबाड पट्ट्यात गेली. तुमचं सगळं कुत्र्यामांजरांचं चाललंय, आमची गाईगुरं मांडवाबाहेर. म्हणून लिहितो.

पोरी, गाईला आडवं पाडून पूर्ण भूल द्यायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही. पोटात एवढी मोठी कोठी, ती आंबतच असते. जनावर आडवं झालं की गॅस धरतो, छातीचा पडदा दाबला जातो, वरून ओकारीचं पाणी श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून आमची सगळी करामत उभ्या जनावरावर. प्लास्टिक खाल्लेल्या गाईचं पोट उघडायचं तर शेवटच्या बरगडीमागे कण्यातून निघणाऱ्या तीन नसा बधिर करायच्या. बरोबर साधलं तर त्या बाजूची कातडी गरम होते, पाठ त्या अंगाला किंचित वाकते आणि गाय उभ्या उभ्या रवंथ करते. मी एका हाताने कोपरापर्यंत आत, पिशव्या काढतोय, आणि ती कडब्याकडे मान वळवतेय. हे दृश्य मी तीसेक वर्षं पाहिलं, कधी जुनं झालं नाही.

बैलाच्या शिंगाचा कॅन्सर आपल्याकडे फार. शिंग कापायचं तर डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध हाडाची एक कड बोटाला लागते. तिच्याखाली नस. तिथे लिग्नोकेन, मग थांबायचं. हे 'थांबायचं' शिकायला मला दहा वर्षं लागली. शेतकऱ्याला एसटी गाठायची असते, तो म्हणतो "साहेब, घ्या उरकून." औषध दिल्यावर दहा मिनिटं थांबणं हीच निम्मी भूल.

आणि झायलझीन. घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात गाय झोपते. नव्या पोरांनी घोड्याच्या हिशोबाने गाईला दिल्याचे किस्से आहेत, ते इथे नको.

लहानपणी गावात बैल बडवताना, म्हणजे खच्ची करताना पाहिलेत. दोरखंड लावून पाडायचे आणि ठेचायचे. भूलबिल काही नाही. लोक म्हणायचे, जनावराला एवढं दुखत नाही. मी पशुवैद्य झालो त्याला कारण तो बैल, पण ते असो.

परळ स्लो

आजोबा, साष्टांग. तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का?

मुरबाडचे आजोबा

टाक. आणि गिधाडांचंही सांग त्यांना, विसरतात. दुखणं थांबवायला आम्ही गुरांना सर्रास डायक्लोफिनॅक टोचायचो. जनावर मेलं की ते गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम वापरा, त्याने गिधाडाला काही होत नाही. एकाचं दुखणं थांबवताना दुसऱ्याचा जीव जातो हे आम्हाला आभाळ रिकामं झाल्यावर कळलं.

येऊरच्या वाटेवर

कुत्री झाली, गाय झाली, बिबट्या राहिला. २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या समतानगरला बिबट्या शिरला होता तेव्हा गर्दीत मीही होतो. लोकांना वाटतं बंदूक मारली की धाडकन झोपतो. तसं होतं का?

ऐरोलीची चिमणी

@येऊरच्या वाटेवर, नाही. डार्ट लागल्यावर काही मिनिटं जातात, आणि तेवढ्यात तो घाबरला, पळाला तर औषध आणखी उशिरा चढतं. गर्दी जितकी ओरडते तितकं काम अवघड. वजन अंदाजाने धरावं लागतं, पोट भरलेलं आहे की नाही ते माहीत नाही, आजारी आहे का माहीत नाही. केटामीनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यात मलम घालून वर फडकं बांधतात. सोबत झायलझीन किंवा मेडेटोमिडीन असतं, त्यांना उतारा आहे. केटामीनला नाही. त्यामुळे उतारा कधी द्यायचा यातच सगळी कला.

पगची आई

मधेच विचारते. आमच्याकडे खाली एक मांजर लंगडते, शेजारच्या काकू दुधातून क्रोसिन देऊ म्हणतायत. अर्धीच.

ऐरोलीची चिमणी

नको! अर्धीही नको, पावही नको. आत्ता जाऊन सांगा.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजराच्या यकृताकडे ते निकामी करायची वाटच जवळपास नाही. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. दिलं गेलंच असेल तर वाट बघू नका, तासाभरात दवाखाना गाठा, उतारा असतो.

पगची आई

सांगून आले. काकू म्हणाल्या "बरं झालं विचारलंस." दूध साधंच दिलं.

लांबून वाचणारी

मूळची नेरूळची, सध्या अमेरिकेत याच विषयात रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण) करतेय, दुसरं वर्ष. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहिते.

एक गोंधळ आधी मिटवा. पदव्युत्तर पदवी वेगळी आणि बोर्डाची मान्यता वेगळी. ब्रिटनमध्ये ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम असतात, नोकरी सांभाळून करता येतात, ज्ञान उत्तम मिळतं. पण त्याने तुम्ही डिप्लोमेट, म्हणजे बोर्डाने मान्य केलेले तज्ज्ञ, होत नाही. डिप्लोमेट करणारं अमेरिकेतलं 'कॉलेज' (म्हणजे तज्ज्ञांची संस्था) १९७५ सालचं, युरोपात त्यांचं वेगळं. तिथे वाट एकच: पदवीनंतर साधारण वर्षभराची इंटर्नशिप, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग परीक्षा. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. मात्र रेसिडेन्सीत फी भरायची नसते, उलट पगार मिळतो, हे घरी सांगा.

आपली पदवी अमेरिकेत थेट चालत नाही. प्रॅक्टिसचा परवाना हवा तर ईसीएफव्हीजी नावाचं प्रकरण पार करावं लागतं: कागदपत्रं, इंग्रजी, लेखी आणि शेवटी हाताने करून दाखवायची परीक्षा. त्यात भुलेचा भागही आहे. मला एकूण चार वर्षं लागली, त्यात एक वर्ष मी कुत्र्यांचे पिंजरे धुतले.

मधली एक वाट वेदनाशमनाची. आयव्हीएपीएम ही आंतरराष्ट्रीय संस्था वेदना-चिकित्सक म्हणून प्रमाणपत्र देते, त्याला रेसिडेन्सी लागत नाही. सांधेदुखीची म्हातारी कुत्री, कॅन्सर, पाठीचे आजार, यांच्यासाठी त्याचा फार उपयोग.

इथे आल्यावर पहिल्या दिवशी शिकवलं ते औषध नव्हतं. भुलेच्या मशीनवर जादा गॅस बाहेर सोडणारा पॉप-ऑफ नावाचा व्हॉल्व्ह असतो, ट्यूब नीट बसली का बघताना तो बंद करतात. उघडायला विसरलं की फुगा फुगत जातो, पाठोपाठ फुफ्फुस. एक-दोन मिनिटांत होत्याचं नव्हतं. म्हणून नियम असा की व्हॉल्व्ह बंद आहे तोवर हात त्याच्यावरून काढायचा नाही. फोन वाजो, कुणी हाक मारो.

कोपरीचे भूलवाले

+१. आम्हालाही हेच शिकवतात.

डॉक्टर, आणखी एक विचार करून ठेवा. औषधं मिळवणं. केटामीन २०११ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आणि २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत. चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. ट्रामाडॉलही २०१८ मध्ये कायद्याखाली आलं. मॉर्फिन, फेंटानिलचं तर विचारूच नका. बॅग घेऊन फिरायचं तर नोंदवही चोख हवी.

ऐरोलीची चिमणी

सर, तेच तर दुखणं आहे. पुस्तकातलं पहिलं औषध आमच्या कपाटात नसतं. ब्युटॉर्फॅनॉलवर भागवायचं, जे तासा-दोन तासांत उतरतं. ट्रामाडॉलच्या गोळ्या कुत्र्यांना सर्रास लिहून देतात, पण दुखणं थांबवणारा जो पदार्थ माणसाचं शरीर त्यातून बनवतं, तो कुत्रा फारच कमी बनवतो. मालक समाधानी, कुत्रा गप्प. गप्प म्हणजे बरा असं नाही.

म्हणून मला लोकल, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन, देण्याचा नाद लागलाय. स्वस्त, कायद्याची कटकट नाही, आणि आजोबा म्हणतात तसं, थांबायची तयारी हवी.

दुखणं मोजायचं म्हणाल तर कुत्र्यांसाठी ग्लासगोची मोजपट्टी आहे, २४ गुणांची. कण्हतो का, जखमेकडे बघतो का, चालतो कसा, जखमेभोवती हात लावला तर काय करतो. सहा झाले की औषध द्यायलाच हवं. मांजरासाठी मॉन्ट्रियलच्या लोकांनी चेहऱ्याची पट्टी काढलीय: कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि मान. प्रत्येकी शून्य ते दोन. मी रोज आमच्या दवाखान्यातल्या मांजरांचे गुण मांडते. डोळे अर्धे मिटून शांत बसलेली मांजर 'काय गुणी आहे' म्हणून जिचं कौतुक होतं, तिला बऱ्याचदा सात मिळतात.

दमलेला वाशीकर

भूलवाले सरांनी रकान्याचं बोलल्यापासून दोन दिवस डोक्यात तेच आहे.

चिमणी डॉक्टर, येत्या गुरुवारी माझ्याकडे नऊ वर्षांची लॅब्रेडोर आहे, स्तनाची गाठ काढायचीय. मोठी चीर आहे. तुमची सुट्टी असेल तर या. फी काय घ्याल ते सांगा, मालकांना मी समजावतो. नाही समजले तर निम्मी माझ्याकडून.

ऐरोलीची चिमणी

येते. फी किती सांगायची हे मला खरंच माहीत नाही.

कोपरीचे भूलवाले

व्यक्तिगत निरोप केलाय. कमी सांगू नका.

मनमौजी ठाणेकर

गुरुवारी काय झालं ते कळवा हो. जीव टांगणीला.

ऐरोलीची चिमणी

गुरुवारचा वृत्तांत, थोडक्यात.

मालकांनी फी दिली, कुरकूर न करता. वाशीकर सरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की "मी कापत असेन, तिच्याकडे या बघतील." दुसरा प्रश्न नसतो म्हणणारे हेच ते.

लॅब्रेडोरचं नाव राणी. चीर जिथे यायची होती तिथे आधीच लोकल भरलं, बुपिव्हाकेन, दर वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना बघून. मग थांबलो. सर घड्याळ बघत होते, पण बोलले नाहीत. अर्ध्या तासाने रक्तदाब घसरला, सरासरी ५८. आयसोफ्लुरेन थोडं उतरवलं, सलाईन वाढवलं, सरांना म्हटलं दोन मिनिटं हात थांबवा. त्यांनी थांबवले. ६८ वर आला. एवढंच. कुणी बाहेरून बघितलं असतं तर काहीच घडलं नाही असं वाटलं असतं.

ऑपरेशन संपलं तेव्हा अंगाचं तापमान ३६.४. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून लावल्या, पंजांना मोजे घातले. मदतनीस पोरगा (गणपतीला गावी गेला नाही म्हणून रुसलेला) चहा घेऊन आला आणि माझ्या शेजारीच जमिनीवर बसला. मी त्याला हिरड्यांचा रंग कसा बघायचा ते दाखवलं. नंतर तो दर पाच मिनिटांनी स्वतःच ओठ उचलून बघत होता आणि मला सांगत होता, "गुलाबी, मॅडम." दोन तासांनी राणीचे गुण ४. चार तासांनी ६ झाले, पुन्हा औषध दिलं, मग ३. संध्याकाळी शेपूट हलवत घरी.

परळला जाऊनही आले. गाईड होऊ शकतील अशा मॅडम भेटल्या, भुलेवर विषय द्यायला तयार आहेत. फॉर्म भरतेय. रोज ऐरोली-ठाणे-परळ करायचं आहे, परळ स्लो, तुमच्या डब्यात जागा धरा.

फक्त पाठ मोडलीय. साडेपाच तास उभी होते. वाशीकर सर, तुमच्या टेबलाला सर्जनची बाजू आहे, डोक्याच्या बाजूला काहीच नाही.

दमलेला वाशीकर

स्टूल आणलं. प्लास्टिकचं आहे, चालेल ना? मंगळवारी दोन केसेस आहेत.